वित्तप्रधान भांडवलशाही, वाढीचे प्रकार आणि विषमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे आणि पेपरातल्या जीडीपीच्या आकड्यामागे काय दडलंय ते समजून घ्यायचंय अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. सगळ्या उत्तरांत धागा एकच आहे: राष्ट्रीय उत्पन्नातला पगार-मजुरीचा वाटा घटला की मागणीत खड्डा पडतो. तो खड्डा कोण भरतं आणि कशाने भरतं, यावर त्या देशाची वाढ किती टिकणार हे ठरतं.

वित्तप्रधान भांडवलशाही कशाला म्हणायचं?

बँका, फंड, शेअर बाजार आणि कर्जबाजार हे एरवी उत्पादनाला पैसा पुरवणारे. जेव्हा कंपनीने काय करायचं, कुटुंबाने किती खर्च करायचा आणि सरकारने कुठली धोरणं आखायची हेही तेच ठरवू लागतात, तेव्हा ती व्यवस्था वित्तप्रधान झाली. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हे वळण १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि १९८० च्या दशकात आलं. १९७९ नंतर पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने (अमेरिकेची मध्यवर्ती बँक, थोडक्यात ‘फेड’) महागाई मोडून काढण्यासाठी व्याजदर प्रचंड वाढवले. भांडवलाच्या देशाबाहेरच्या ये-जा करण्यावरचे निर्बंध सैल होत गेले. १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि रोखेबाजारात खेळणाऱ्या बँका वेगळ्या ठेवल्या होत्या. ती भिंत आधी हळूहळू झिजली आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये कायद्यानेच काढून टाकली.

‘वाढीचा प्रकार’ म्हणजे काय?

जीडीपी ५ टक्क्यांनी वाढला एवढंच सांगितलं तर फारसं काही कळत नाही. ती मागणी आली कुठून? पगारातून केलेला खर्च, कर्ज काढून केलेला खर्च, कंपन्यांची गुंतवणूक, सरकारी खर्च, की परदेशी ग्राहक? यातला कुठला स्रोत मुख्य आहे यावरून ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

कर्जावर चालणारी वाढ: कुटुंबं (आणि कधी कंपन्याही) उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करतात, देश आयात जास्त करतो आणि चालू खात्यावर (परदेशाशी होणाऱ्या व्यापार आणि उत्पन्नाच्या हिशेबात) तूट राहते. २००८ च्या आधीची अमेरिका, ब्रिटन, स्पेन, आयर्लंड ही याची ठळक उदाहरणं.

निर्यातीवर चालणारी वाढ: देशात मजुरी आवळलेली, खप मंद, आणि सगळी भिस्त परदेशी मागणीवर. जर्मनी आणि जपान यात येतात. २००७ च्या आसपास चीनच्या चालू खात्यावरची शिल्लक जीडीपीच्या १० टक्क्यांच्या घरात होती.

देशांतर्गत मागणीवर चालणारी वाढ: दोन्ही टोकं टाळलेली, बहुधा सरकारी तुटीचा टेकू असलेली. फ्रान्स बराच काळ या गटात होता.

पहिले दोन प्रकार एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, आणि नेमकं हेच नेहमी नजरेतून सुटतं. जर्मनीची शिल्लक हवी असेल तर कुणीतरी तुटीत असावंच लागतं.

मजुरीचा वाटा घटला तर मागणीत किती खड्डा पडतो? आकड्यांत दाखवा.

समजा राष्ट्रीय उत्पन्न १०० आहे. त्यात पगार-मजुरी ६५, नफा-व्याज-भाडं ३५. पगारदार मिळालेल्या दर रुपयातले ९० पैसे खर्च करतो, नफा मिळवणारा ४० पैसे. एकूण खप झाला ५८.५ अधिक १४, म्हणजे ७२.५.

आता १० रुपये पगाराकडून नफ्याकडे सरकले. पगार ५५, नफा ४५. खप ४९.५ अधिक १८, म्हणजे ६७.५. उत्पन्न तेवढंच असताना मागणी ५ ने कमी झाली. हा पहिला फटका. माल खपला नाही की उत्पादन घटतं, त्यातून आणखी पगार जातात, म्हणजे खरा परिणाम ५ हून मोठा.

हे ५ भरायचे चार रस्ते आहेत: कंपन्यांनी गुंतवणूक वाढवायची, सरकारने तूट सोसायची, परदेशात माल विकायचा, किंवा पगारदाराने कर्ज काढून आधीचा खर्च चालू ठेवायचा. चौथा रस्ता घेतला आणि दरवर्षी ५ कर्ज काढलं, तर दहा वर्षांत कर्ज ५० होतं, जवळपास वर्षभराच्या पगाराइतकं. ६ टक्के दराने नुसतं व्याज वर्षाला ३. आता खप आधीच्याच पातळीवर ठेवायला ५ पुरत नाहीत, ८ लागतात. आणि ते व्याज ज्याच्या खिशात जातं त्याची खर्च करण्याची ओढ कमी असते. कर्ज मागणीला उचलून धरतं, आणि तेच पुढच्या मागणीला पोखरतंही.

पण मजुरीचा वाटा कशामुळे घटला? तंत्रज्ञानामुळेच ना?

तंत्रज्ञान आणि जागतिक स्पर्धेचा हात आहेच. फक्त तेवढ्यावर थांबलं तर अर्धंच चित्र दिसतं. वित्तीयीकरण, म्हणजे अर्थव्यवस्था वित्तप्रधान होत जाणं, वेतनवाटा घटवतं त्याचे तीन मार्ग वेगळे काढता येतात.

पहिला, रचनेचा. सरकारी क्षेत्रात हिशेबाच्या पद्धतीनुसार नफा जवळपास नसतो, त्यामुळे तिथे वेतनाचा वाटा खूप जास्त. ते क्षेत्र आक्रसलं आणि नफ्याचा वाटा जास्त असलेली क्षेत्रं फुगली, तर एकाही कामगाराचा पगार न कापता देशाचा सरासरी वेतनवाटा खाली येतो.

दुसरा, वरच्या खर्चाचा. कंपन्या व्याज, लाभांश आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार हा एक ठरलेला बोजा धरून किमती लावतात. बोजा वाढला की तो किमतीवरच्या नफ्याच्या टक्केवारीत शिरतो आणि खालच्या कामगाराच्या वाट्याला कात्री लागते. इथे आकडेवारीत एक सापळा आहे: मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगारही राष्ट्रीय हिशेबात ‘वेतन’ म्हणूनच मोजला जातो. म्हणून अमेरिकेचा नुसता वेतनवाटा पाहिला तर घसरण कमी भासते. सर्वांत वरच्या १ टक्क्याचे पगार बाजूला काढा, मग खरी घसरण दिसते.

तिसरा, सौदाशक्तीचा. १९८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावरच्या ११ हजारांहून अधिक विमान वाहतूक नियंत्रकांना काढून टाकलं आणि खासगी मालकांना इशारा मिळाला. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप मोडला. मराठी वाचकाला १९८२ चा गिरणी संप आठवेल. त्याची कारणं वेगळी होती, पण परिणामात एक साम्य आहे: संघटना खचली आणि पुढे गिरणीतल्या मागापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला मोल आलं.

वेतनप्रधान आणि नफाप्रधान मागणी यात फरक काय?

अमित भादुरी (ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकवत) आणि स्टीफन मार्ग्लिन यांनी १९९० मध्ये हा भेद नीट मांडला. वेतनवाटा वाढवून पाहा. खप वाढतो. नफा घटल्यामुळे गुंतवणूक काहीशी घटू शकते. मजुरी महाग झाल्याने निर्यात थोडी मार खाते. तिन्हींची बेरीज धन आली तर ती अर्थव्यवस्था वेतनप्रधान, ऋण आली तर नफाप्रधान.

मोठ्या, तुलनेने बंदिस्त अर्थव्यवस्था बहुधा वेतनप्रधान निघतात. लहान आणि खूप खुल्या देशांत निर्यातीचा भाग इतका मोठा असतो की निकाल उलटू शकतो. आणि इथेच घोळ होतो. प्रत्येक देश म्हणतो, ‘आपण मजुरी आवळू, निर्यात वाढेल.’ सगळ्यांनी एकदम आवळली तर निर्यातीचा फायदा एकमेकांत कटतो, उरते ती फक्त खपातली घट. जग एक देश धरलं तर त्याला निर्यात करायला दुसरं जग नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी २०१२ मध्ये झालेल्या जी-२० देशांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की सगळीकडे वेतनवाटा एकाच वेळी १ टक्काबिंदूने घटला तर जागतिक जीडीपी सुमारे ०.३६ टक्क्यांनी घटतो. त्याच अभ्यासात भारत नफाप्रधान गटात मोजला गेला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘मजुरी वाढवा, सगळीकडे लगेच वाढ होईल’ असा सोपा निष्कर्ष काढणं बरोबर नाही.

नफा वाढला तर कंपन्या कारखाने उभारतील. तसं का झालं नाही?

विकत घेणारा दिसला तरच कारखाना उभारला जातो. वर म्हटल्याप्रमाणे खप मंदावला की नवी क्षमता उभारायचं कारणच उरत नाही. दुसरी गोष्ट, कंपनीच्या हातातला नफा भागधारकांकडे वळवण्याचा दबाव.

अमेरिकेत १९८२ मध्ये शेअर बाजार नियामकाने एक नियम केला: कंपनीने स्वतःचे शेअर ठरावीक अटींत विकत घेतले (त्यातली एक अट म्हणजे रोजच्या सरासरी उलाढालीच्या २५ टक्क्यांच्या आत), तर भाव फुगवल्याचा आरोप लागणार नाही. बायबॅकचा रस्ता त्याने मोकळा झाला. बायबॅक केलं की बाजारातल्या शेअरची संख्या घटते, प्रतिशेअर कमाई वाढते, आणि ज्यांचा मोबदला शेअरशी बांधलाय त्या अधिकाऱ्यांचं उत्पन्न वाढतं. नवं यंत्र एकही आलं नाही तरी चालतं. २०१७ च्या करकपातीत कंपनी कर ३५ वरून २१ टक्के झाला. २०१८ मध्ये एस अँड पी ५०० या शेअर निर्देशांकातल्या बड्या कंपन्यांनी ८०० अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे स्वतःचेच शेअर परत घेतले. २०२२ च्या कायद्याने बायबॅकवर १ टक्का कर बसवला. आमच्या मते हा दर इतका कमी आहे की त्याने वागणूक बदलत नाही, थोडा महसूल मात्र मिळतो.

अमेरिकेतली कर्जावरची वाढ मोडली कशी?

आधी ती चालली कशी ते पाहू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कुटुंबांचं कर्ज त्यांच्या खर्चयोग्य उत्पन्नाच्या सुमारे ६५ टक्के होतं. २००७ मध्ये ते १३० टक्क्यांच्या वर गेलं. याच काळात वरच्या १ टक्क्याचा उत्पन्नातला वाटा, भांडवली नफा धरून, १० टक्क्यांच्या आसपासून २० टक्क्यांच्या वर गेला. वरच्यांची बचत फिरून खालच्यांचं कर्ज झाली. मध्ये घर हे तारण होतं. फेडरल रिझर्व्हने जून २००३ मध्ये व्याजदर १ टक्क्यावर आणला, घरांचे भाव चढले, आणि चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज घेऊन लोकांनी गाडी, शिक्षण, दवाखान्याची बिलं भागवली.

सबप्राइम कर्जात (कमी पत असलेल्यांना दिलेल्या गृहकर्जात) सर्रास दिसणारा प्रकार म्हणजे ‘२/२८’: पहिली दोन वर्षं ठरलेला कमी दर, उरलेली २८ वर्षं बाजाराप्रमाणे बदलता दर. नमुन्यादाखल हिशेब करा. कर्ज २ लाख डॉलर, पहिली दोन वर्षं ८ टक्के. मासिक हप्ता सुमारे १,४६८ डॉलर. दोन वर्षांनी मुद्दल सुमारे १,९६,५०० शिल्लक, कारण सुरुवातीच्या हप्त्यात बहुतेक व्याजच असतं. आता दर ११ टक्के झाला: हप्ता सुमारे १,८८९ डॉलर. जवळपास २९ टक्के वाढ, पगार मात्र तोच. घराचा भाव चढता असेपर्यंत यातून सुटका होती. दोन वर्षं संपायच्या आत नवं कर्ज घेऊन जुनं फेडायचं. फेडने २००४ ते २००६ मध्ये दर १ वरून ५.२५ टक्के केला, २००६ मध्ये घरांचे भाव शिखरावर पोचून उतरू लागले, आणि सुटकेची वाट बंद झाली.

कर्ज देणारा हे का देत होता? कारण ते त्याच्याकडे राहणारच नव्हतं. शेकडो कर्जांचा गठ्ठा करून, त्याचे थर पाडून, वरच्या थराला सर्वोत्तम पतमानांकन मिळवून ते जगभर विकलं जात होतं. मूळ कर्ज देणाऱ्याची कमाई कमिशनवर, बुडण्याची जोखीम दुसऱ्याची. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली तोवर ही जोखीम नेमकी कुणाच्या पुस्तकात आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ हायमन मिन्स्की यांनी कर्जदारांचे तीन वर्ग सांगितले होते: उत्पन्नातून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडणारे, फक्त व्याज फेडून मुद्दल पुढे ढकलणारे, आणि व्याजासाठीही मालमत्तेचा भाव चढण्यावर विसंबणारे. चांगल्या दिवसांत सावधपणा महाग वाटतो, म्हणून भरभराट जितकी लांबते तितके लोक पहिल्या वर्गातून तिसऱ्यात घसरतात.

स्पेनचं सरकार तर शिलकीत होतं. मग संकट का आलं?

फार महत्त्वाचा प्रश्न, कारण २०१० नंतर युरोपातल्या संकटाचा सगळा दोष ‘उधळ्या सरकारांवर’ टाकला गेला. ग्रीसच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. स्पेनचं काय? २००७ मध्ये स्पेनचं अंदाजपत्रक जीडीपीच्या सुमारे २ टक्के शिलकीत होतं, सरकारी कर्ज जीडीपीच्या सुमारे ३६ टक्के, म्हणजे जर्मनीपेक्षा कमी.

आता ताळा करा. कुठल्याही देशात खासगी क्षेत्र, सरकार आणि उरलेलं जग यांच्या शिल्लक-तुटीची बेरीज शून्य येते. एकाची तूट ही दुसऱ्याची शिल्लक असते. २००७ मध्ये स्पेनची चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या जवळपास १० टक्के, म्हणजे उरलेलं जग स्पेनशी व्यवहारात १० ने शिलकीत. सरकार २ ने शिलकीत. मग खासगी क्षेत्र १२ टक्के तुटीत असणं भागच आहे. हे सगळं बांधकाम, घरं आणि बँकांच्या कर्जांत होतं. सरकारी शिल्लक ही त्याच बांधकामाच्या तेजीतून आलेल्या कराची सावली होती.

तेजी फुटली तेव्हा कर आटला आणि बेकारभत्ते वाढले. बेकारी ८ टक्क्यांच्या आसपासून २०१३ मध्ये २६ टक्क्यांवर गेली. २०१२ मध्ये बँकांसाठी युरोपाकडून १०० अब्ज युरोपर्यंतची मदत मंजूर झाली, त्यातले सुमारे ४१ अब्ज वापरले गेले. खासगी कर्ज असं सरकारी कर्ज बनलं. नुसती सरकारी तूट पाहून देश सुस्थितीत आहे असं ठरवणाऱ्याने स्पेनचे २००७ चे आकडे एकदा तरी मांडून पाहावेत.

जर्मनीत कुटुंबांनी कर्ज काढलं नाही. मग तिथे काय बिघडलं?

कोसळण्यासारखं काही नाही. बिघाड वेगळ्या जातीचा आहे. २००० मध्ये जर्मनी चालू खात्यावर तुटीत होता. २००७ मध्ये शिल्लक जीडीपीच्या सुमारे ७ टक्के आणि २०१५-१६ च्या सुमारास ८ टक्क्यांच्या वर. मधल्या काळात २००३ ते २००५ चे हार्ट्झ कामगार सुधारणा कायदे आले, बेकारभत्ता आखडला, अल्पवेतनाची अर्धवेळ कामं फोफावली, पाचातला एक कर्मचारी कमी पगाराच्या गटात गेला. कायद्याने किमान वेतन १ जानेवारी २०१५ पर्यंत नव्हतंच. आलं तेव्हा ते तासाला ८.५० युरो होतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये १२ युरो झालं.

जर्मन माल स्वस्त राहिला आणि विकला गेला स्पेनसारख्या देशांत. तिथल्या ग्राहकाला कर्ज देणाऱ्यांत जर्मन बँकाही होत्या. चलन एकच असल्याने स्पेनला अवमूल्यन करून, म्हणजे आपलं चलन स्वस्त करून, सावरता येत नव्हतं.

या वाढीची किंमत जर्मन कामगाराने दोनदा मोजली: एकदा गोठलेल्या वेतनात, दुसऱ्यांदा रखडलेल्या सार्वजनिक गुंतवणुकीत. २००९ मध्ये राज्यघटनेत घातलेल्या कर्जमर्यादेने पूल, रेल्वे, शाळा यांची कामं मागे पडत गेली. परदेशी मागणी आणि स्वस्त रशियन वायू, दोन्ही आटल्यावर २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं जीडीपी घटला. मार्च २०२५ मध्ये ती मर्यादा सैल करून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा निधी मंजूर करावा लागला.

२००८ नंतर काय बदललं?

कुटुंबं कर्ज फेडायला लागली, म्हणजे खड्डा भरायची पाळी सरकारवर आली. अमेरिकेत २००९ च्या आर्थिक वर्षात केंद्र सरकारची तूट जीडीपीच्या सुमारे १० टक्के झाली आणि तिथली वाढ सरकारी तुटीच्या टेकूवर सावरली. युरो क्षेत्राने उलटं केलं: तुटीतल्या देशांवर काटकसर लादली आणि अख्खं क्षेत्रच जर्मनीच्या वाटेने निघालं. २०१० च्या दशकाच्या मध्याला युरो क्षेत्राची चालू खात्यावरची शिल्लक जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आसपास होती. मुळातली विषमता मात्र दोन्हीकडे तशीच राहिली.

शेअर बाजारात आता सामान्य माणूसही आहे. मग फायदा त्यालाही होतोच की?

अमेरिकेत कुटुंबांकडच्या शेअरमधला सुमारे ८५ ते ९० टक्के हिस्सा वरच्या १० टक्के कुटुंबांकडे आहे. खातेदारांची संख्या आणि मालकीचा हिस्सा या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एखादा देश कुठल्या प्रकारात बसतो ते स्वतः कसं तपासायचं?

१. काळ निवडा. तेजी-मंदीचं एक चक्र पूर्ण धरा, उदाहरणार्थ २००१ ते २००८ आणि २००९ ते २०१९. एकाच वर्षावरून कधीही ठरवू नका. तेलाचा भाव चढला तरी एका वर्षाचं चालू खातं हलतं.

२. जीडीपीच्या वाढीत खासगी खप, सरकारी खर्च, गुंतवणूक आणि निव्वळ निर्यात यांनी प्रत्येकी किती टक्काबिंदू घातले ते काढा. घटकाचा आधीच्या वर्षातला हिस्सा गुणिले त्याची वाढ, एवढंच गणित.

३. कुटुंबं, कंपन्या, सरकार आणि उरलेलं जग या चौघांची शिल्लक किंवा तूट जीडीपीच्या टक्केवारीत मांडा आणि सरासरी काढा. बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी. बहुतेक वेळा चूक चिन्हाची असते: देशाची चालू खात्यावरची तूट ही उरलेल्या जगाची शिल्लक.

४. कुटुंबं तुटीत आणि देशही तुटीत असेल तर कर्जप्रधान. देश शिलकीत आणि निव्वळ निर्यातीचं योगदान ठळकपणे धन असेल तर निर्यातप्रधान. खासगी क्षेत्र शिलकीत, सरकार तुटीत आणि चालू खातं समतोलाजवळ असेल तर देशांतर्गत मागणीचा प्रकार, सरकारी टेकूसह.

आयर्लंडसारख्या देशात जीडीपीच फसवा असतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंट आणि नफा तिथे नोंदवल्यामुळे २०१५ मध्ये तिथला जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला त्यानंतर सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचं वेगळं माप काढावं लागलं. टक्केवारी काढताना तेच वापरा.

भारताचा जिनी गुणांक २५.५ आहे असं वाचलं. मग विषमतेची ओरड कशाला?

जिनी हे विषमतेचं ० ते १०० मधलं माप, आकडा जितका मोठा तितकी विषमता जास्त. जागतिक बँकेने दिलेला २०२२-२३ चा २५.५ हा आकडा खर्चाच्या पाहणीतून आलेला आहे. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग खर्चच करत नाही, त्यामुळे खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा जवळपास नेहमीच कमी दिसते. शिवाय अतिश्रीमंत घरं पाहणीच्या नमुन्यात क्वचितच येतात. बऱ्याच देशांचे आकडे उत्पन्नावर आधारलेले असतात. ते शेजारी ठेवून क्रमवारी लावणं ही सरळ चूक आहे. जागतिक बँकेच्याच टिपणात, वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसच्या आधारे, उत्पन्नाचा जिनी २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ झाल्याचा उल्लेख आहे. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती होती. करनोंदी आणि पाहण्या जोडून केलेले हे अंदाज आहेत आणि त्यांच्या पद्धतीवर वाद आहे. त्या वादात जरूर उतरा, पण खर्चाचा जिनी दाखवून तो मिटवता येत नाही.

भारत कुठल्या प्रकारात येतो?

बहुतेक वर्षी चालू खात्यावर तूट, त्यामुळे निर्यातप्रधान नाही. केंद्र आणि राज्यं मिळून सरकारी तूट मोठी, म्हणून मुख्यतः देशांतर्गत मागणीचा, सरकारी टेकू असलेला प्रकार. पण कर्जाकडे झुकण्याच्या खुणा आहेत. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२-२३ मध्ये जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली, हा अनेक दशकांतला नीचांक. कुटुंबांचं कर्ज जीडीपीच्या साधारण ४० टक्के, अमेरिकेच्या २००७ च्या पातळीहून खूप कमी. तरीही दिलासा मानू नका, कारण त्यात गृहकर्जापेक्षा इतर कर्जांचा हिस्सा मोठा आहे: वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, सोनेतारण, वाहन. घराच्या कर्जामागे निदान घर उभं असतं. रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०२३ ला विनातारण ग्राहककर्जावरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे अशा कर्जामागे बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागलं.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये खात्यात येतात. आपल्या चौकटीत पाहिलं तर हे सरकारने खपाचा खड्डा भरणं आहे. कमी उत्पन्नाच्या घरात तो पैसा लगेच खर्च होतो, म्हणून मागणीवर परिणाम चांगला. पण त्याने मजुरीचा दर हलत नाही, आणि राज्य सरकारच्या कर्जाला मर्यादा असल्याने दुसऱ्या कुठल्यातरी खर्चावर ताण येतो.

भारताचा वेतनवाटा काढताना एक पथ्य पाळा. इथे निम्म्याहून जास्त काम करणारे स्वयंरोजगारात आहेत: शेतकरी, टपरीवाले, रिक्षावाले. त्यांचं उत्पन्न राष्ट्रीय हिशेबात ‘मिश्र उत्पन्न’ म्हणून येतं. ते सगळं नफ्यात टाकलं तर वेतनवाटा हास्यास्पदरीत्या कमी येतो, सगळं वेतनात टाकलं तर जास्त. निदान दोन वेगळ्या गृहीतकांवर काढून दोन्ही आकडे द्या.

मजुरी वाढवली तर महागाई भडकणार नाही का?

प्रमाण चुकलं तर भडकेल. नियम साधा आहे: देशाच्या सरासरी उत्पादकतेची वाढ अधिक मध्यवर्ती बँकेचं महागाईचं लक्ष्य, एवढी सरासरी वेतनवाढ. उत्पादकता १ टक्का आणि लक्ष्य २ टक्के असेल तर वेतनवाढ ३ टक्के. वेतनवाटा स्थिर राहतो आणि महागाई लक्ष्यावर. घसरलेला वाटा वर आणायचा असेल तर काही वर्षं याच्या थोडं वर जावं लागतं, आणि तो भार नफ्याच्या टक्केवारीने सोसायचा असतो. २००० ते २००८ मध्ये जर्मनीचा दर नगामागचा श्रमखर्च जवळपास जागच्या जागी होता, स्पेन आणि ग्रीसमध्ये तो वर्षाला साधारण ३ टक्क्यांनी चढत होता. २ टक्क्यांचं लक्ष्य दोघांनीही चुकवलं, एकाने खालून आणि दुसऱ्याने वरून. शिक्षा फक्त वरून चुकवणाऱ्याला झाली.

स्पेननेच २०१९ मध्ये किमान वेतन एका फटक्यात २२ टक्क्यांनी वाढवून महिन्याला ९०० युरो केलं, आणि नंतरही वाढवत नेलं. भाकितं झाली होती तशी रोजगाराची पडझड झाली नाही.

मग उपाय कुठल्या क्रमाने करायचे?

आधी वेतन: किमान वेतनाची अंमलबजावणी आणि सामूहिक करारांची व्याप्ती. कंत्राटी कामगार कराराबाहेर राहिला तर कागदावरच्या वाढीला अर्थ नाही. त्याच्या जोडीने वरच्या उत्पन्नावर आणि संपत्तीवर चढता कर, आणि त्यातून सार्वजनिक गुंतवणूक. कर्जावरचं नियंत्रण यांच्यासोबतच यायला हवं. वेतन न वाढवता नुसतं कर्ज आवळलं तर खड्डा उघडा पडतो आणि गरजू माणूस बँकेऐवजी सावकाराच्या दारात जातो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर शिलकीच्या देशांनाही जबाबदार धरावं लागेल. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या योजनेत तुटीच्या देशांसोबत शिलकीच्या देशांवरही शुल्क होतं. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत ती स्वीकारली गेली नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये असमतोलावर नजर ठेवायची पद्धत आणली, तिच्यात चालू खात्याच्या तुटीला ४ टक्क्यांची मर्यादा होती आणि शिलकीला ६ टक्क्यांची. दर नगामागच्या श्रमखर्चाला युरो देशांसाठी तीन वर्षांत ९ टक्क्यांची वरची मर्यादा होती. खालची मर्यादा नव्हतीच. वेतन फार वाढलं तर इशारा, आणि वर्षानुवर्षं गोठवलं तर काहीच नाही. हा नियम बदलायला परकी चलन किंवा नवी संस्था लागत नाही, तक्त्यात एक ओळ वाढवावी लागते.